दोघींचा एकपट

लातूरच्या सुहासिनी विश्राम तेंडोलकर यांनी उभ्या आयुष्यात कुणाला इंजेक्शन दिलं नव्हतं. रक्त पाहिलं की त्यांना गरगरायचं. तरी २०३९च्या मार्च महिन्यात सरकारने कळवलं, की त्या पाच वर्षं परिचारिका होत्या.

कळवलं ते त्यांच्या मुलीच्या फोनवर. केतकी पुण्याहून दोन दिवसांसाठी आली होती. जेवणं झाल्यावर स्वयंपाकघराच्या ओट्याला टेकून ती आईचा एकपट वाचत होती.

"आई, तू नर्स होतीस?"

"कोण म्हणतं?"

"इथं लिहिलंय. परिचारिका, कंत्राटी, उपकेंद्र, तालुका कुडाळ, २००२ ते २००७. मग दोन वर्षं काहीच नाही. मग वाचनालय, सत्तावीस वर्षं." केतकी हसायला लागली. "मला कधी साधी पट्टी धड बांधली नाहीस, आणि म्हणे नर्स."

'चूक असेल' एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण चूक म्हटली की केतकीने ती दुरुस्त करायला घेतली असती. हाती घेतलेलं सोडणाऱ्यांतली ती नव्हती. सुहासिनीबाई डाळीच्या डब्याचं झाकण लावत म्हणाल्या, "केली होती चार-पाच वर्षं. तू झालीस आणि सोडली."

"आणि आजवर बोलली नाहीस?"

"कंत्राटी तर होती. त्यात काय बोलायचं?"

केतकीने मान वर करून आईकडे पाहिलं. वाचनालयात पुस्तकांना पुठ्ठे घालणाऱ्या बाईकडे पाहावं तसं नव्हे, वेगळंच. सुहासिनीबाईंना ती नजर आवडली. पुढे जे झालं त्यात याही गोष्टीचा वाटा होता.

एकपट सुरू होऊन तेव्हा दीड वर्ष झालं होतं. माणसाचं आयुष्य शंभर दप्तरांत विखुरलेलं असतं. शाळेचा दाखला एका गावात, नेमणुकीचा आदेश दुसऱ्यात, मतदार यादी तिसरीकडे, बाळंतपणाची नोंद चौथीकडे. हाताने लिहिलेल्या जुन्या रजिस्टरांसकट हे सगळं यंत्राने वाचायचं, कोणत्या नोंदी एकाच माणसाच्या ते ठरवायचं, आणि त्यांचा एक पट शिवायचा. नोकरी देणाऱ्याने आणि दवाखान्याने मग तेवढा पट पाहिला की झालं.

अडचण होती एकाच नावाच्या अनेक माणसांची. तिच्यावर तोडगा असा होता, की प्रत्येक जुळणीला वजन द्यायचं. 'संजय पाटील' हे नाव दोन कागदांवर सापडलं, तर त्याचं वजन जवळजवळ शून्य. संजय पाटील गल्लोगल्ली असतात. तिथे यंत्र सावध होई, आणखी पुरावे मागे. नाव जितकं दुर्मिळ, तितकं वजन जास्त. स्वतःचं, नवऱ्याचं आणि आडनाव मिळून 'सुहासिनी विश्राम तेंडोलकर' हे राज्याच्या सगळ्या नोंदींत एकाच घरात सापडत होतं. यंत्राने दुसरा पुरावा मागितला नाही. खात्रीच्या रकान्यात त्याने ९९.९९ टक्के लिहिलं, आणि गणित म्हणून ते बरोबर होतं. या नावाची दुसरी बाई असण्याची शक्यता खरोखरच दहा हजारांत एक होती.

ती दुसरी बाई त्याच घरात होऊन गेली होती.

विश्राम तेंडोलकर कुडाळला विजेच्या कंपनीत होते. त्यांची पहिली बायको माहेरची प्रतिभा काशिनाथ आरोलकर. लग्नानंतर सुहासिनी झाली. ती उपकेंद्रावर परिचारिका होती. पहिल्या बाळंतपणाला ती रीतीप्रमाणे माहेरी गेली आणि परत आलीच नाही; मुलगी पाच महिन्यांची असताना ती तिथेच वारली. भावाने ग्रामपंचायतीत खबर दिली. गावाला ती काशिनाथची प्रतिभाच होती, ग्रामसेवकाने तेच नाव लिहिलं. उपकेंद्राच्या दप्तरात 'कंत्राट वाढवले नाही' एवढाच शेरा पडला. सुहासिनी तेंडोलकर कागदावर मेलीच नाही.

वर्ष उलटायच्या आत विश्रामरावांचं दुसरं लग्न झालं. नवरी कांचन महादेव परब, वय अठ्ठावीस, घरची परिस्थिती बेताची. ताटातल्या तांदळात अंगठीने नवं नाव लिहायची वेळ आली तेव्हा सासरे म्हणाले, "नाव तेच ठेवा." त्यांची हयात तलाठी कचेरीत गेलेली. रेशनकार्डावरचं नाव कमी करायचं तर मृत्यूचा दाखला, नवं चढवायचं तर लग्नाचा. त्यापेक्षा नाव आहे, माणूसही आहे, मिटलं. सासूबाईंचं कारण निराळं होतं. पोरीला कधी कळता कामा नये, आणि गेलेलीचाही राग राहू नये. त्यांनी पहिलीचा चांदीचा टाक करून दुसरीच्या गळ्यात घातला आणि पहिलीचे फोटो चुलीत घातले. विश्रामरावांनी लातूरला बदली मागून घेतली, जिथे त्यांना कुणी ओळखत नव्हतं.

रेशनकार्डाबरोबर पहिलीचं वयही आलं. कांचन एका दिवसात वर्षाने मोठी झाली. बोटांचे ठसे घेणारं ओळखपत्र निघालं तेव्हा ठसे द्यायला एकच सुहासिनी होती. वाचनालयाच्या समितीने दाखले मागितले नाहीत, अक्षर पाहिलं आणि ठेवून घेतलं. आणि कांचन परब? त्या नावाच्या बायका ढिगाने. तिथे यंत्र सावध राहिलं. तिची दहावीपर्यंतची नोंद कुणालाच न जोडता त्याने बाजूला ठेवली.

पट चुकला तर तो फोडून मिळे. सरकारी शब्द 'विभाजन' होता. लोक जमिनीसारखंच 'फोड' म्हणत. पण फोडीच्या अर्जाची नोटीस पटावरच्या सज्ञान अपत्यांना जाई. सासू-सासरे आणि पहिलीचा भाऊ कधीच गेले होते, विश्रामरावांनाही जाऊन तीन वर्षं झाली होती. खरं जाणणाऱ्या एकट्या सुहासिनीबाई उरल्या होत्या, आणि पटावर त्यांना एकच अपत्य होतं. त्यांनी अर्ज केला नाही.

शेजारच्या मठपतीकाकूंना केतकीनेच सांगितलं. काकू रक्तदाबाचं यंत्र घेऊन हजर.

"काय हो, आमच्यापासून लपवून ठेवलात की. मी मेली पाचशे रुपये देऊन बीपी बघून यायली."

"विसरले हो आता सगळं."

"विसरतं कसं? माझी सासू मरेपर्यंत पुरणपोळी विसरली नव्हती, माणसं विसरली होती. नर्सबाई, दंड कोणता देऊ, डावा?"

सुहासिनीबाईंनी पट्टा गुंडाळला, बटण दाबलं, आलेला आकडा वाचून दाखवला. काकू खूश होऊन गेल्या. संध्याकाळी सुहासिनीबाईंनी आपला पट उघडला आणि पहिलीची रजिस्टरं पहिल्यांदा नीट वाचली. बहुतेक आकडेच होते. एका बुधवारी शेऱ्यात लिहिलं होतं: 'खाडीची तर बंद, होडी नाही. डोंगरावरून गेले. सतरा मुले.' त्यांनी ती ओळ दोनदा वाचली. तीस-पस्तीस वर्षांपूर्वी नव्हे, आत्ता डोंगर उतरून कुणी दारात उभं राहावं, तसं त्यांना झालं, आणि त्यांनी फोन बंद केला.

केतकीला उशिरा दिवस राहिले, लग्नानंतर आठ वर्षांनी. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, असं तिनेच ठरवलं. "घरात नर्स असताना पुण्यात कशाला?" ती नवऱ्याला, निहारला, म्हणाली. सातवा संपताना ती लातूरला आली. तीन फेब्रुवारी २०४१ रोजी दोघी डॉक्टर तय्यबा काझींकडे गेल्या. रक्तातल्या जनुकांची तपासणी आता प्रत्येक गरोदर बाईची होत असे. तिचा अहवाल आला होता.

"हृदयाच्या स्नायूत एक लांबलचक प्रथिन असतं," डॉक्टर म्हणाल्या. "स्प्रिंगसारखं. ताणलं जातं, पुन्हा आखडतं. ते बनवायची कृती आपल्या पेशीत लिहिलेली असते. तुमच्या कृतीत एक अक्षर बदललेलं आहे."

केतकी सरळ बसली. "वाईट आहे?"

"असे बदल आपल्या सगळ्यांच्यात असतात, डझनांनी. बहुतेक काहीच करत नाहीत. एखादा करतो. अक्षराकडे बघून ते कळत नाही. घराण्याकडे बघावं लागतं. ज्यांच्याकडून तो आला, त्यांचं काय झालं?" त्यांनी पडदा वळवला. "आईचा पट पाहिला. एक बाळंतपण, वय एकसष्ट, हृदयाची एक नोंद नाही. वडील सहासष्टाव्या वर्षी गेले ते पोटाच्या आजाराने. म्हणजे बदल कुणाकडूनही आला असो, निरुपद्रवी. यंत्रानेही तसंच ठरवलंय." मग त्या सुहासिनीबाईंकडे पाहून हसल्या. "तुम्ही समोर बसलाय, याहून मोठा पुरावा कोणता?"

सुहासिनीबाई समोर बसल्या होत्या. पहिली कशाने गेली, हे सासूबाई एकदाच बोलल्या होत्या. दम लागायचा, पाय सुजले होते, आडवं पडता येईना, उशांचा ढीग करून बसून राहायची. गावच्या डॉक्टरने दम्याचं औषध दिलं होतं. मग दमाच तो. दम्याचा आणि हृदयाचा काय संबंध? त्या पिशवी उचलून उठल्या.

"आई, चेहरा का उतरला?" रिक्षात केतकीने विचारलं.

"ऊन लागलं असेल."

त्या दिवसापासून त्या रोज सांगायचं ठरवत. पण गरोदर बाईला धक्का देऊ नये, हे कुणीही म्हणेल. बाळंतपण होऊन जाऊ दे. पाय सुजले तेव्हा मठपतीकाकू म्हणाल्या, "आठव्यात सगळ्यांचेच सुजतात की. तुम्ही नर्स, तुम्हाला मी काय सांगावं." सुहासिनीबाईंनी मान हलवली. केतकी त्यांच्या मांडीवर पाय ठेवून पेपर वाचे आणि त्या पाय चेपत. तेहतीस वर्षांत त्यांनी या पोरीला दिलेल्या गोष्टी खऱ्या होत्या, एक सोडून. ती एक काढून घेतली तर बाकीच्या राहतील की नाही, याचा अंदाज त्यांना येत नव्हता.

बावीस फेब्रुवारीला दुपारी केतकीने हाक मारली. "आई, अजून एक उशी देतेस?"

दोन होत्याच. सुहासिनीबाईंनी तिसरी दिली. जरा वेळाने त्या खोलीत आल्या तर केतकी उठून बसली होती, दोन्ही हात गादीवर टेकून.

"आडवं पडलं की गुदमरतंय. बसलं की बरं वाटतं. असं होतं का गं? तू इतक्या बायका बघितल्यास." तिने हात पुढे केला. "नाडी बघ ना जरा."

सुहासिनीबाईंनी मनगट धरलं. घड्याळाकडे बघायचं असतं, एवढं त्यांना ठाऊक होतं. बोटांखाली काहीतरी पळत होतं, अडखळत होतं, पुन्हा पळत होतं. किती म्हणजे जास्त, हे त्यांना माहीत नव्हतं. केतकी त्यांच्या तोंडाकडे बघत होती.

"मला नाही येत," त्या म्हणाल्या.

"काय नाही येत?"

"नाडी बघायला. मी नर्स नव्हते, केतू."

"अगं, पटात आहे की."

"ती दुसरी होती. आधी गाडी बोलाव. वाटेत सांगते."

"आत्ता सांग. कोण दुसरी?"

"तुझी आई."

गाडीत सगळं सांगून व्हायला अकरा मिनिटं लागली. केतकी खिडकीची काच खाली करून तोंडाने श्वास घेत होती. दवाखान्याच्या फाटकापाशी तिने विचारलं, "कधीपासून माहीत होतं?"

"काय?"

"मला हे होऊ शकतं, ते."

"तीन तारखेपासून. डॉक्टर बोलल्या तेव्हापासून मनात होतं."

"एकोणीस दिवस," केतकी म्हणाली. तिला हिशेब करावा लागला नाही.

निरोगी हृदय भरलेल्या रक्तातलं पंचावन्न ते साठ टक्के रक्त एका ठोक्याला बाहेर ढकलतं. केतकीचं चोवीस ढकलत होतं. बाळंतपणाच्या सुमारास काही जणींचं हृदय असं अचानक सैल पडतं, आणि ज्यांच्या स्प्रिंगमध्येच खोट असते त्यांचं जास्त. वेळेवर कळलं तर औषधाने बरंचसं सावरतं. आधी दम्यासारखंच दिसतं. डॉक्टर काझींनी त्याच संध्याकाळी ऑपरेशन केलं. मुलगी झाली, पावणेदोन किलोंची. केतकी तेरा दिवस अतिदक्षता विभागात होती.

सातव्या दिवशी सुहासिनीबाईंनी डॉक्टरांना जिन्याजवळ गाठलं. "मी तेव्हाच बोलले असते तर?"

"तर तेव्हाच औषध सुरू केलं असतं. आज कदाचित पंचेचाळीसवर असतं."

"कदाचित?"

"नक्की नाही सांगता येत, काकू." डॉक्टरांनी चष्मा काढला. "मीही विचारलं नाही तुम्हाला. आम्ही शिकलो तेव्हा आधी माणसाला विचारायला शिकवलं होतं. मी पट वाचला."

केतकी वाचली. छत्तीस टक्क्यांवर तिच्या हृदयाचा आकडा अडला, त्यापुढे औषधांनी सरकेना. दुसरं मूल नाही, जिने जपून, वजन उचलायचं नाही. निहारने रजा काढून लातूरलाच खोली घेतली, दवाखान्याजवळ. सुहासिनीबाई रोज डबा घेऊन जात. डबा रिकामा परत येई. केतकी निहारशी बोले, मठपतीकाकूंशीही बोले. सुहासिनीबाईंना ती एवढंच म्हणे, "तुम्ही कशाला त्रास घेता."

पट फोडावा लागणार होता. बाळाच्या अंगातही तो बदल होता, आणि जोवर पटावरची आजी एकसष्ट वर्षांची ठणठणीत होती, तोवर तिच्या नातीसाठीही यंत्र 'निरुपद्रवी'च म्हणणार होतं. अर्ज केतकीने केला. मे महिन्यात सुनावणी लागली. कचेरी दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट दुरुस्तीला. निहारला पुण्याला कामावर हजर व्हावं लागलं होतं. केतकी बाळाला घेऊन, प्रत्येक वळणावर थांबत वर आली. सुहासिनीबाई आधीच येऊन बाकावर बसल्या होत्या.

भालके नावाचे अधिकारी होते, निवृत्तीला आलेले, आवाज मऊ. त्यांनी भिंतीवरच्या पडद्यावर पट उलगडला आणि मधोमध एक रेघ ओढली.

"मी नोंद वाचतो. तुम्ही सांगा कुणाची. घाई नाही. २००२, परिचारिका नेमणूक?"

"तिची."

"२००५, लसीकरण रजिस्टर, एकूण अठ्ठेचाळीस पानं?"

"तिची."

"२००९, मतदार यादी, लातूर शहर?"

"माझी."

"वाचनालय?"

"माझं."

"मार्च २००७. प्रसूती, एक अपत्य, मुलगी."

केतकी बाळाचं टोपरं सारखं करत होती. सुहासिनीबाई म्हणाल्या, "तिची."

नोंद रेघेच्या डावीकडे सरकली. उजवीकडे, आता नव्याने जोडलेल्या दहावीच्या दाखल्याखाली, यंत्राने आपण होऊन लिहिलं: कांचन महादेव परब, विवाहित, अपत्य निरंक.

भालके खाकरले. "सांभाळ करणारी म्हणून नातं जोडता येतं. पण अपत्याची संमती लागते." त्यांनी केतकीकडे पाहिलं.

"आत्ता नको," केतकी म्हणाली.

"हरकत नाही. कधीही करता येतं." त्यांनी दुसरा नमुना काढला. सुहासिनी विश्राम तेंडोलकर यांच्या मृत्यूची नोंद अजून व्हायची होती. ग्रामपंचायतीतली जुनी नोंद जोडायला कुणीतरी जिवंत माणसाने खबर देणं भाग होतं, आणि खबर देण्याजोगं माणूस एकच होतं. सुहासिनीबाईंनी तारीख लिहिली, गाव लिहिलं. सहीच्या जागी हात सवयीने चालू लागला.

"कांचन लिहा, बाई," भालके हळूच म्हणाले. "ते नाव आता मयताचं आहे."

त्यांनी लिहिलेलं खोडलं. बाजूला जपून, पाटीवर गिरवावं तसं, कांचन लिहिलं. एक रकाना उरला होता, 'मयताशी नाते'. पेन बराच वेळ कागदावर टेकून राहिलं. मग त्यांनी लिहिलं: तिची मुलगी सांभाळली.

भालक्यांनी वाचलं आणि कपाळ चोळलं. "वाक्य चालत नाही हो. यंत्राला यादीतलंच लागतं." त्यांनी यादी वरपासून खालपर्यंत पाहिली. आई, मुलगी, बहीण, जाऊ, नणंद, सून. "सवतही नाही यात. 'इतर' करू का?"

"करा."

'इतर' यंत्राने लगेच स्वीकारलं. डाव्या पटावर चौतीस वर्षांनी मृत्यूची तारीख उमटली आणि तो पट करडा झाला. केतकी पडद्याकडे बघत राहिली. डाव्या बाजूला एकही फोटो नव्हता.

"कशी होती ती?" तिने विचारलं. भालक्यांना नव्हे.

"मी पाहिलं नाही तिला," कांचन म्हणाली. "मी आले तेव्हा तू होतीस फक्त."

केतकी उठली. भालक्यांनी दोन्ही पटांच्या छापील प्रती पाकिटात घालून दिल्या. जिन्याच्या तोंडाशी ती थांबली. खाली बत्तीस पायऱ्या होत्या आणि बाळ आता साडेतीन किलोंचं झालं होतं. येताना वर चढवलं होतं त्याचा दम अजून तिच्या गळ्याशी दिसत होता. तिने इकडेतिकडे पाहिलं. पॅसेजमध्ये दुसरं कुणी नव्हतं.

"जरा धरा," ती म्हणाली.

कांचनने बाळ घेतलं. केतकी कठडा धरून एक पायरी उतरली, थांबली, दुसरी उतरली. मागे वळून तिने पाहिलं नाही. कांचन तिच्यामागे एक पायरी अंतर राखून, ती थांबली की थांबत, उतरू लागली.